कालबैशाखीच्या मुलखांतील महावावटळी

ज्युबिलीच्या अंकांत वादळांचा इतिहास कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल, आणि तो येणें साहजिक आहे. ज्युबिली म्हणजे आनंदाचा सोहळा. पूर्वजांनीं बांधलेलें देऊळ, त्याची घंटा, येथें सेवा करून गेलेले फादर आणि शाळा यांची हकीकत अशा प्रसंगीं सांगावी, हीच रीत आहे. व ती रीत मोडण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु या अंकाच्या निमित्तानें धर्मग्रामाचीं जुनीं दप्तरें चाळीत असतां एक गोष्ट आमच्या मनांत फार भरली. मृतांच्या वहींत प्रत्येक माणसास एक ओळ दिलेली आहे. नांव, बापाचें किंवा नवऱ्याचें नांव, वय व दफनाचा दिवस. श्रीमंतास जेवढी ओळ तेवढीच मोलकऱ्यास, आणि वर्षाच्या आंत गेलेल्या लेंकरासही तेवढीच.

त्याच दिवसांत पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, वादळांचा वृत्तांत आमच्या वाचनांत आला. त्या खेड्यापाड्यांतून एकेका वावटळीनें घटकाभरांत शेंकडों माणसें नेलीं. आणि त्यांच्याविषयीं जगाजवळ जें उरलें आहे तें एवढेंच: सुमारें तेराशें, पांचशेंहून अधिक, सातशेंच्या आसपास. ओळ एकालाही नाहीं. हे शंभराच्या मापानें मोजलेले आकडे पाहून आम्हांस जें वाटलें तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेख. माणसें मोजणें आणि माणसें वांचविणें या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर नाहींत, असें आमचें म्हणणें आहे; आणि त्या मुलखाचा इतिहासच त्याची साक्ष देतो.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपण मराठींत चक्रीवादळ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींस लावतों. समुद्रांत उठणारें, शेंकडों मैल पसरणारें आणि दिवसांमागून दिवस चालत किनाऱ्यास येणारें तें खरें चक्रीवादळ. त्यास सायक्लोन हें नांव १८४८ सालीं कलकत्त्यांत राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या गृहस्थानें दिलें, व पुढें तें साऱ्या जगानें घेतलें. आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों तें टोर्नाडो याहून निराळें. तें गडगडाटी ढगाच्या पोटांतून जमिनीवर उतरतें. त्याची रुंदी बहुधा कांहीं शें हात, क्वचित् मैलभर किंवा त्याहून अधिक. त्याचें आयुष्य कांहीं मिनिटांचें, क्वचित् तासाभराचें किंवा त्याहून थोडें अधिक. परंतु त्या अरुंद पट्ट्यांत वाऱ्याचा वेग असा भयंकर असतो कीं, समुद्रावरील मोठमोठ्या वादळांनाही तो गांठतां येत नाहीं.

उन्हाळ्यांत आपल्या शेतांत पाचोळा गरगर फिरवणारी जी वावटळ आपण पाहतों, तिची जात वेगळी. ती निरभ्र आकाशाखालीं तापलेल्या जमिनीवरून वर चढते. ही ढगांतून खालीं येते. तरी रूपाचें साम्य आहे, म्हणून टोर्नाडोस आम्ही या लेखांत महावावटळ म्हणणार आहों. बंगालच्या खेडुतांनीं ढगांतून लोंबणारा तो काळा आकार पाहून त्यास हत्तीची सोंड म्हटलें आहे, आणि ज्यानें तो एकदां पाहिला त्यास अधिक वर्णनाची गरज राहत नाहीं.

बंगालांत मार्च महिन्यापासून मे अखेरपर्यंत दुपार कलल्यावर वायव्येकडून काळे ढग उठतात, धुळीचा लोट येतो, विजा कडाडतात, गारा व पाऊस पडतो, आणि तासाभरांत आकाश पुन्हां मोकळें होतें. वैशाखांत यांचा जोर विशेष, म्हणून लोक त्यांस कालबैशाखी म्हणतात. इंग्रज त्यांस नॉर्वेस्टर म्हणत. ही कालबैशाखी शेतकऱ्याची नुसती वैरीण नव्हे. पावसाळा सुरू होण्यापूर्वीं तापलेल्या जमिनीस पहिला ओलावा तिच्यापासून मिळतो, आणि तागाच्या व भाताच्या पेरणीस तिच्या सरींचा आधार असतो. वर्षांतून कित्येक वेळां ती येते व उपकार करून जाते. क्वचित् एखादे दिवशीं तिच्या पोटांतून सोंड खालीं उतरते.

असें कां होतें याचें कारण शास्त्रज्ञांनीं पुढीलप्रमाणें सांगितलें आहे. या दिवसांत बंगालच्या उपसागरावरून उष्ण व दमट हवा जमिनीलगत उत्तरेकडे सरकत असते. छोटा नागपूरच्या पठारावरून व बिहारकडून आलेली कोरडी, तापलेली हवा तिच्यावर झांकणासारखी बसते. झांकण बसलेलें असेपर्यंत खालची वाफ कोंडून राहते. दिवस कलतां कलतां तें एकदां फुटलें म्हणजे ती वाफ कित्येक मैल उंच उसळते व तिचा प्रचंड ढग होतो. त्याच वेळीं हिमालयाच्या दक्षिणेस फार उंचावर पश्चिमेचा जोरकस वारा वाहत असतो. खालीं दक्षिणेचा वारा आणि वर पश्चिमेचा, अशा दोन वाऱ्यांच्या ओढींत सांपडलेला ढग स्वतःभोंवतीं फिरूं लागतो, आणि कधीं त्या फिरण्याचा पीळ जमिनीपर्यंत पोहोंचतो. ही सारी सामग्री एकत्र जुळून येणारीं ठिकाणें पृथ्वीवर फार थोडीं. अमेरिकेचीं मधलीं मैदानें हें एक, आणि गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या मुखाकडील हें गाळाचें मैदान हें दुसरें.

या वावटळींची एक जुनी व सविस्तर नोंद ८ एप्रिल १८३८ या दिवसाची आहे. ती कलकत्त्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागांतील खेड्यांतून गेली. २१५ माणसें मेलीं व २२३ जखमी झालीं. हे आकडे किती नेमके आहेत याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. याचें कारण असें कीं, ती गेली त्या वाटेची पाहणी झाली, व तिचा वृत्तांत बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत छापला गेला. बरोबर पन्नास वर्षांनीं, ७ एप्रिल १८८८ रोजीं, अशीच एक वावटळ ढाका शहरावर आली. बुढीगंगेच्या कांठीं नवाबांनीं नुकताच बांधलेला अहसान मंजिल हा वाडा तिनें मोडून टाकला. शहरांत ११८ मृत्यु मोजले गेले; नदींत बुडाले ते निराळे. वाडा पुन्हां उभा राहिला व आज तेथें संग्रहालय आहे.

या दोन्ही वावटळी मोठ्या शहरांच्या डोळ्यांसमोर घडल्या, म्हणून त्यांची गणती झाली. त्याच काळांत आडखेड्यांवर ज्या पडल्या असतील त्यांची कथा बहुधा त्या खेड्यांबरोबरच नाहींशी झाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वर्तमानपत्रें वाढलीं, सरकारी मदत खेड्यांत जाऊं लागली, आणि मग या संकटाचें खरें माप कळूं लागलें. ११ एप्रिल १९६४ रोजीं त्या वेळच्या जेसोर जिल्ह्यांतील मागुरा व नडाइल या भागांत पांचशेंहून अधिक माणसें गेलीं. १४ एप्रिल १९६९ रोजीं ढाक्याच्या सीमेवरील डेमरा भागांत ६६० माणसें मेलीं, आणि त्याच दिवशीं कुमिल्ला जिल्ह्यांत होमना येथें दुसऱ्या वावटळीनें २६३ बळी घेतले. तेव्हां हा मुलूख पूर्व पाकिस्तान होता. १९७१ सालीं बांगलादेश स्वतंत्र झाला. राज्य बदललें, आकाश बदललें नाहीं. १७ एप्रिल १९७३ रोजीं माणिकगंज भागांत ६८१ माणसें गेलीं. १ एप्रिल १९७७ रोजीं मादारीपूर व शिबचर येथें सुमारें पांचशें. वाचकांनीं या तारखा एका खालीं एक लिहून पाहाव्या. १८३८ पासून पुढें प्रत्येक वेळीं महिना एप्रिलचाच आहे. एवढी नियमित वेळ साधून येणाऱ्या संकटास अकस्मात् म्हणावें कीं नाहीं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आतां २६ एप्रिल १९८९ या दिवसाकडे वळूं. ढाक्याच्या पश्चिमेस, जमुना व पद्मा यांच्या संगमाजवळ, माणिकगंज जिल्हा आहे. तेथें कित्येक महिने पाऊस पडला नव्हता. जमीन भेगाळली होती, आणि लोक ढगाची वाट पाहत होते. रमजानचा महिना चालू होता. सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास, म्हणजे सूर्य मावळण्याच्या व रोजा सोडण्याच्या वेळेस, दौलतपूरच्या बाजूनें ती महावावटळ आली व सातुरियाकडे गेली. तिची वाट सुमारें ८० किलोमीटर लांब आणि जेथें ती सर्वांत रुंद होती तेथें दीड किलोमीटरपर्यंत रुंद होती. सातुरियाच्या बाजारपेठेंत उभें असें कांहीं राहिलें नाहीं. झाडांचे सोललेले बुंधे तेवढे दिसत होते. सुमारें १,३०० माणसें मेलीं, १२,००० जखमी झालीं आणि ८०,००० बेघर झालीं. जगाच्या ज्ञात इतिहासांत एका वावटळीनें इतकीं माणसें दुसऱ्या कोठेंही मारलेलीं नाहींत. ज्या पावसाची सहा महिने वाट पाहिली तो अशा रीतीनें आला.

हा सुमारें शब्द तेथें कसा आला, तें समजून घेतलें पाहिजे. लिहिणाऱ्यांचा आळस हें त्याचें कारण नव्हे. वावटळीनें माणसें उचलून दूरच्या तळ्यांत, शेतांत व नदींत टाकलीं. मुसलमान धर्माप्रमाणें दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं, करावें लागतें. मोजणारे अधिकारी येईपर्यंत थांबणें त्यांत बसत नाहीं. एप्रिल व मे हे उन्हाळी भाताच्या कापणीचे दिवस, आणि कापणीसाठीं परजिल्ह्यांतून मजूर येतात; ते ज्या गांवांत मरतात तेथील यादींत त्यांचें नांव नसतें, आणि ज्या गांवचे असतात तेथें ते केव्हां मेले हें ठाऊक नसतें. जखमींपैकीं कित्येक आठवड्यानें पंधरवड्यानें इस्पितळांत वारतात. शेवटीं सांगणारें कुटुंबच उरलें नाहीं तर सांगणार कोण? अशा रीतीनें नेमका आकडा बुडतो, आणि त्याच्या जागीं शून्यांनीं संपणारा आकडा येऊन बसतो.

सात वर्षांनीं, १३ मे १९९६ रोजीं, पुन्हां तसेंच झालें. जमालपूर व टांगाइल या जिल्ह्यांत, गोपालपूर, कालिहाती व बासाइल या भागांतून महावावटळ गेली. सुमारें ७०० माणसें मेलीं आणि हजारों घरें जमीनदोस्त झालीं. १४ एप्रिल २००४ रोजीं नेत्रकोना व मैमनसिंह या बाजूस शंभरावर बळी गेले. आपल्या देशाच्या हद्दींतही २४ मार्च १९९८ रोजीं पश्चिम बंगालमधील दांतन व त्यालगतचा ओडिशाचा भाग येथें सुमारें १६० माणसें गेलीं. जगांत ज्या एकेका महावावटळीनें शंभराहून अधिक माणसें मारल्याचें ठाऊक आहे, त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या या एका लहानशा मुलखांतल्या आहेत.

यावरून कोणास वाटेल कीं, महावावटळी तेथेंच सर्वांत अधिक होत असाव्यात. तसें नाहीं. अमेरिकेंत दरवर्षीं हजाराच्या वर होतात. बांगलादेशांत नोंदलेल्या अगदीं थोड्या. मग मरण इतकें अधिक कां? पहिलें कारण दाट वस्ती. तेथें दर चौरस किलोमीटरांत हजाराहून अधिक माणसें राहतात; वावटळ कोठेंही उतरली तरी कोणाच्या तरी घरावर उतरते. दुसरें कारण वेळ. ती दिवस मावळतां मावळतां येते. त्या वेळीं शेतकरी शेतांत किंवा हाटांत असतो, बायका चुलीपाशीं आणि मुलें अंगणांत. तिसरें कारण घर. बंगालच्या खेड्यांतील घर बांबूचें, कुडाच्या किंवा तागाच्या काड्यांच्या भिंतींचें. पूर्वीं त्यावर गवताचें छप्पर असे. पुढें तागाच्या व्यापारांत पैसा आला तेव्हां ज्यास ऐपत होती त्यानें पन्हाळी पत्रे घातले. पत्र्याचें घर ही प्रतिष्ठेची खूण झाली. मुलीचें लग्न ठरवितांना पाहावी अशी ती गोष्ट. पावसापासून व आगीपासून त्यानें संरक्षण दिलें हें खरें. परंतु महावावटळींत तोच पत्रा सुटून तलवारीसारखा फिरतो. तेथील जखमींच्या अंगावर पत्र्याच्याच जखमा कितीतरी आढळतात. गरिबीनें कुडाच्या भिंती दिल्या आणि थोड्याशा बरकतीनें त्यांवर पातीं बसविलीं, असा हा दुर्दैवी मेळ आहे.

येथें एका प्रश्नास उत्तर देणें भाग आहे, कारण तो आपल्यांतही विचारला जातो. हा देवाचा कोप तर नव्हे? शिलोहाचा बुरूज पडून जीं माणसें मेलीं तीं यरुशलेमांतील इतरांहून अधिक अपराधी होतीं काय, हा प्रश्न प्रभूनें स्वतःच लोकांपुढें ठेवला, आणि तसें मुळींच नाहीं असें स्पष्ट सांगितलें, हें आपण उपासनेंत ऐकत आलों आहों. त्या शुभवर्तमानांत मेलेल्यांची संख्याही दिली आहे. ती अठरा आहे; सुमारें वीस नाहीं. म्हणून महावावटळींत मेलेल्या शेतकऱ्याच्या पापपुण्याचा हिशेब आपण करूं नये. त्याचें घर कसलें होतें व त्यास सूचना कां मिळाली नाहीं, हा हिशेब मात्र करण्यास आपणांस मोकळीक आहे.

हा दुसरा हिशेब जेथें झाला तेथें काय घडलें, त्याचें उदाहरण अमेरिकेचें आहे. तेथेंही आरंभीं असेंच होतें. १८८० च्या दशकांत सैन्याच्या सिग्नल खात्यांतील जॉन फिन्ली यांनीं शेंकडों वावटळींच्या नोंदी गोळा केल्या व त्यांवरून अगोदर इशारा देतां येईल काय, याचे प्रयोग केले. परंतु इशाऱ्यानें लोक घाबरतील व अधिक हानि होईल, असें वरिष्ठांस वाटलें. आणि त्या दशकाच्या अखेरीपासून हवामानाच्या सरकारी भाकितांत टोर्नाडो हा शब्दच वापरण्यास मनाई झाली. ती मनाई १९३८ पर्यंत टिकली. तिच्या मुदतींतच, १८ मार्च १९२५ रोजीं, मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन संस्थानांतून एक महावावटळ सुमारें ३५० किलोमीटर धांवली. ६९५ माणसें मेलीं. डी सोटो नांवाच्या लहान गांवांत एका शाळेंतच ३३ मुलें गेलीं. कोणासही आगाऊ सूचना नव्हती. ज्या संकटाचें नांव घेण्याचीच बंदी, त्याची सूचना द्यावी कशी?

पुढें २५ मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमांतील टिंकर या विमानतळावर फॉबुश व मिलर या दोन सैनिकी अधिकाऱ्यांनीं महावावटळीचें भाकीत केलें, व तें त्याच दिवशीं खरें ठरलें. तेथून मार्ग खुला झाला. रडार आलें, गांवोगांव भोंगे बसले, घराखालच्या तळघरांत जाण्याची संवय लोकांस लागली. परिणाम असा कीं, १९५३ नंतर २०११ पर्यंत त्या देशांत एकाही महावावटळीनें शंभर बळी घेतले नाहींत. २०११ च्या मे महिन्यांत जॉप्लिन शहरांत मात्र दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. धोका संपलेला नाहीं हें त्यावरून दिसतेंच. तरी १९५३ ते २०११ या मुदतींत बंगालांत काय काय झालें, तें वर दिलेलें आहे. वाचकांनीं दोन्ही याद्या शेजारीं ठेवाव्या.

अमेरिका श्रीमंत, तिचें उदाहरण गरिबांस काय उपयोगी, असें कोणी म्हणेल. त्यास बांगलादेशानेंच उत्तर दिलें आहे, आणि तें समुद्रावरच्या चक्रीवादळाच्या बाबतींत. १२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळांत तीन ते पांच लक्ष माणसें मेलीं. येथें सुमारपणा दोन लक्षांचा आहे! त्यानंतर १९७२ सालीं सरकारनें व रेड क्रॉसनें मिळून गांवोगांव स्वयंसेवक नेमले. निशाणें लावणें, कर्ण्यानें ओरडत दारोदार फिरणें, म्हाताऱ्यांस व गरोदर बायकांस हात धरून निवाऱ्यांत नेणें, हें त्यांचें काम. खांबांवर उभारलेले पक्के निवारे बांधले गेले. फळ एकदम आलें नाहीं. २९ एप्रिल १९९१ रोजीं पुन्हां सुमारें १,३८,००० माणसें गेलीं. परंतु २००७ सालच्या सिद्र वादळांत हा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास आला, आणि २०२० सालच्या अम्फान वादळांत त्या देशांत तीसहून कमी माणसें गेलीं. आज तेथें सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनें आहेत. देश तोच, किनारा तोच आणि लोक पूर्वींपेक्षां दुपटीहून अधिक. फरक पडला तो, कोण कोठें राहतो हें ठाऊक असणारा शेजारी वेळेवर दारांत उभा राहिला यामुळें.

या कामाचा आरंभ आपल्याच एका धर्मगुरूच्या हातून कलकत्त्यांत झाला होता, हें येथें नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. फादर युजीन लाफों हे बेल्जियमचे येशूसंघीय १८६५ सालीं कलकत्त्यास आले व सेंट झेवियर कॉलेजांत विज्ञान शिकवूं लागले. कॉलेजाच्या गच्चीवर त्यांनीं साधीशी वेधशाळा मांडली व हवेच्या दाबाची नोंद ते रोजच्या रोज ठेवूं लागले. १८६७ च्या नोव्हेंबरांत त्या नोंदींवरून मोठें चक्रीवादळ येत असल्याचें त्यांनीं ओळखलें व अधिकाऱ्यांस कळविलें. त्यामुळें कित्येकांचे प्राण वांचले. त्यांच्याजवळ कांहीं अद्भुत विद्या नव्हती. रोजची एक ओळ न चुकतां लिहिण्याची संवय होती.

मग महावावटळीच्या बाबतींत तसें कां झालें नाहीं? चक्रीवादळ दिवसांमागून दिवस अगोदर दिसतें. महावावटळ कांहीं मिनिटांपूर्वीं. उत्तम रडार असलें तरी दहापंधरा मिनिटांहून अधिक अवधि क्वचितच मिळतो, आणि तेवढ्यांत खेड्यांतल्या शेवटच्या झोंपडीपर्यंत निरोप पोहोंचला पाहिजे. शिवाय निरोप मिळाला तरी जावयाचें कोठें? जेथें दोन हात खणलें कीं पाणी लागतें, तेथें तळघर होत नाहीं. तरी उपाय नाहींत असें नव्हे. पत्रे नुसत्या खिळ्यांवर न ठेवतां तुळयांस पक्के आंवळणें; चार घरांमिळून एक विटांची भक्कम खोली बांधणें; शाळा व मशिदी अशा मजबूत करणें कीं, त्या वेळप्रसंगीं निवारा होतील; आणि आकाश काळें होतांच उघड्या शेतांतून पक्क्या आडोशाकडे जाण्याचें मुलांस शाळेंतच शिकविणें. यांतील कोणतीही गोष्ट गरीब देशाच्या आवांक्याबाहेरची नाहीं. परंतु ती करावयाची तर कोठें किती माणसें मेलीं, कोणत्या प्रकारच्या घरांत मेलीं, घरांत मेलीं कीं शेतांत, याची खरी नोंद हवी. जुन्या वावटळींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांस आज जुनीं वर्तमानपत्रें चाळून एकेक आकडा शोधावा लागतो. अर्धा मार्ग अशा रीतीनें अंधारांतच चालावा लागतो.

बंगाल दूर आहे, तेथील दुःखाचें आपणांस काय, असें आपण म्हणूं नये. ढाक्याच्या उत्तरेस भवाल परगण्यांत, याच वावटळींच्या पट्ट्यांत, नागोरी येथें सतराव्या शतकापासून कॅथोलिक वस्ती आहे. गोव्याहून गेलेल्या ऑगस्टिनियन संघाच्या पाद्र्यांनीं तिची सेवा केली. आणि त्यांपैकीं मानुएल द आसुंपसांव यांचें बंगाली भाषेचें व्याकरण व शब्दसंग्रह १७४३ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. त्याच संघाचा मठ आपल्या वसईच्या किल्ल्यांत होता, व त्याचे अवशेष अजून पाहावयास मिळतात. वादळाची ओळखही आपणांस नवी नाहीं. १६१८ च्या मे महिन्यांत वसई व मुंबईच्या किनाऱ्यावर असें तुफान झालें कीं, दोन हजार माणसें व साठ जहाजें गेलीं, असें जुने इतिहास सांगतात. दोन हजार! हाही शून्यांनीं संपणारा आकडा आहे. त्यांत आपल्या पूर्वजांपैकीं कोण कोण होते, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. उलट ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें तेव्हां सूचना अगोदर पोहोंचली होती, होड्या परतल्या होत्या, हजारों लोक सुरक्षित जागीं हलविले गेले होते. घरांची व बागांची धूळधाण झाली, पण माणसें बहुतेक वांचलीं.

वाचकहो, एवढें सांगून आम्ही हा लेख पुरा करतों. आपल्या धर्मग्रामाची मृतांची वही कपाटांत असते व ती सहसा कोणी उघडीत नाहीं. या ज्युबिलीच्या वर्षीं ज्यांस शक्य असेल त्यांनीं फादरांच्या परवानगीनें ती एकदां पाहावी. तींत आपल्या पणजोबाची ओळ सांपडेल; कदाचित् ज्याचें नांव घरांतही कोणास ठाऊक नाहीं अशा एखाद्या मुलाचीही सांपडेल. ती ओळ लिहिणाऱ्यानें फार मोठें काम केलें असें त्यास वाटलें नसेल. परंतु सातुरियाच्या तेराशें माणसांस ती मिळाली नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिची किंमत कळते. आणि पुढच्या वेळीं समुद्राकडून सूचना आली कीं, आपल्या आळींत एकटें कोण राहतें, कोणास चालतां येत नाहीं, कोणाची होडी अजून परतली नाहीं, हें वादळापूर्वींच मोजून ठेवावें, अशी आमची नम्र विनंति आहे.